मुदत कोण विचारणार?

इरावतीला सकाळपासून खुर्चीत बसवत नव्हतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या तिच्या छोट्या कंपनीने उपनगरातल्या दवाखान्यांना औषधांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर दिलं होतं, आणि काल मुलुंडहून तक्रार आली होती. मुदत संपलेली लस तिथल्या फ्रिजमध्ये तशीच पडून होती आणि सॉफ्टवेअर गप्प. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

“लसींचा साठा नंतर जोडला ना, त्याची तपासणी राहून गेली,” टीमचा प्रमुख जयवंत म्हणाला. “कोडची एक ओळ टाक आणि पाठवून दे. दुपारी डेमो आहे यार.”

तिने ओळ टाकली. मग पुसली.

“काय झालं गं?” शेजारच्या टेबलावरून फ्लॉयडने विचारलं.

“आज लस राहिली, उद्या आणखी काही राहील. आपण सगळं आठवणीवर चालवतोय रे.”

साठ्याचा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, तिनेच लिहिलेला, आणि जेनेरिक, म्हणजे कुठल्याही वस्तूला चालणारा. आत लस ठेवा नाहीतर सलाईन, कोड तोच. सगळे साठे एका यादीत घालून एकाच फेरीत तपासावेत, असं तिच्या मनात होतं. पण कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ऐकेना. लसींचा साठा हा एक प्रकार, सलाईनचा दुसरा. त्याच्या लेखी दोघांचं काही नातंच नव्हतं. ती चिडून उठली, बाटली भरून आणली आणि पाणी न पिताच ठेवून दिली.

फ्लॉयड खुर्ची ओढत आला. “तुला आतली वस्तू बाहेर काढायचीय?”

“नाही रे. मुदत संपलेलं काय आहे, एवढंच विचारायचंय.”

“मग तेवढंच विचारणारा इंटरफेस कर, एका प्रश्नाचा करार. त्यात वस्तूचा प्रकार आणूच नको. प्रत्येक साठा तो पाळेल. यादी त्या इंटरफेसची.”

तिची बोटं धावायला लागली. साठ्याने उत्तर द्यायचं, तर आतल्या वस्तूलाही आपली मुदत सांगता यायला हवी. तिने तीही अट घातली आणि कंपाईल केलं. अट न पाळणाऱ्या वस्तूची लाल ओळ उमटली. इन्सुलिन.

इन्सुलिनच्या क्लासमध्ये तारीख होती, पण कुणीतरी भलत्याच नावाने ठेवलेली. म्हणजे इन्सुलिनची मुदत कधी तपासलीच गेली नव्हती. इरावतीने ते दुरुस्त केलं, दवाखान्यांच्या नोंदींवर चालवून पाहिलं, आणि मुदत संपलेल्या इन्सुलिनपुढे पडद्यावर भांडुपच्या दवाखान्याचं नाव आलं.

“वाट लागली,” जयवंत मागून पुटपुटला.

तिने भांडुपच्या नर्सला, शकुताईंना, फोन लावला आणि इन्सुलिनच्या बाटल्यांवरची तारीख बघायला सांगितलं.

“थांब गो, बघतंय.” पलीकडे फ्रिजचं दार वाजलं.

“गावले गो! सांजच्या शिबिरासाठी ट्रेत काढून ठेवलेले.”

“कुणाला दिलं नाही ना?”

“नाय, नाय. अजून कोण येवक नाय.”

“त्या बाटल्या वेगळ्या ठेवा, ताई. डॉक्टरांना लगेच सांगा.”

तिने फोन ठेवला. जयवंत बाहेर गेला आणि डेमो पुढे ढकलून आला. दुपारी नवी आवृत्ती सगळ्या दवाखान्यांत गेली. फ्लॉयड म्हणाला, “झकास झालं, आता तरी जेव.” तिने मान हलवली, डबा उघडला, आणि एका हाताने पोळी मोडत दुसऱ्या हाताने कोडमधले बाकीचे क्लास, आणखी काही सुटलंय का बघायला, एकेक करून उघडायला सुरुवात केली.