नदीच्या गोष्टीचं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. मुलांच्या वाचनालयातलं, खिडकीखालच्या फळीवरचं. माझ्यात एका मुलीची गोष्ट आहे. घरामागची नदी येते तरी कुठून, हे बघायला ती एका बदकाला घेऊन काठाकाठाने उलटी चालत जाते. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीपायी कितीतरी घरांत जेवणं थंड झाली आहेत.

छापखान्यात एका बाइंडरने जाड दोऱ्याने मला शिवलं आणि पुठ्ठ्यात बसवलं. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं मला फळीला पाठ टेकायची सवड मिळाली नाही. एकाने परत केलं की दुसरा दारातच टपलेला असे. तारखांचे शिक्के मारायला चिठ्ठी पुरेना, म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली, मग तिसरी.

मग एका घरात घात झाला. वाचणाऱ्या ताईची पाठ वळताच तिच्या रांगत्या भावाने माझं शेवटचं पान फाडलं आणि चावून चावून चक्क गिळलं. त्याला काही झालं नाही, माझी गोष्ट मात्र अर्धवट राहिली. मुलं शेवटपर्यंत यायची आणि हिरमुसून मला परत करायची. हळूहळू येईनाशी झाली. सहा वर्षांत एकही शिक्का पडला नाही, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मला बाद पुस्तकांच्या खोक्यात टाकलं. बाई वाईट नाहीत. पान नसलेलं पुस्तक ठेवायचं नाही, असा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी ते खोकं लगदा करायला जाणार होतं.

खोकं होतं हात धुवायच्या बेसिनखाली, आणि नेमका त्याच दुपारी नळ गळायला लागला. प्लंबर आजोबा आले. सोबत शाळेतून आणलेली, कंटाळलेली नात. खोकं भिजू नये म्हणून आजोबांनी ते बाजूला ओढलं आणि तिथेच थबकले. हात पुसून त्यांनी मला उचललं, मागच्या पुठ्ठ्यावरचा शाईचा डाग निरखून बघितला.

"हा डाग माझा आहे," ते म्हणाले. "यासाठी आईचा मार खाल्लाय मी."

मग ते जमिनीवरच बसले आणि नातीला म्हणाले, "अगं, नऊ वर्षांचा होतो. हे वाचलं आणि घरातला नळ सोडून बघत बसलो, पाणी येतं कुठून म्हणून. अजून तेच करतोय बघ."

नातीने मला उलटसुलट करून बघितलं. "पण आबा, याला शेवटच नाहीये."

"म्हणूनच बाद केलंय, काका," बाई म्हणाल्या. "उद्या जाणार ते."

"शेवट मला पाठ आहे, शब्द न् शब्द. बाळा, वही काढ."

आजोबांनी सांगितलं, तिने लिहिलं. 'मुलगी डोंगरावर पोचली. एका दगडाखालून करंगळीएवढी धार येत होती. तिने धारेवर तळहात ठेवला. क्षणभर सगळी नदी तिच्या हाताखाली थांबली. मग तिने हात उचलला आणि म्हणाली, जा.'

गळणाऱ्या नळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मित्रांनो, खरं सांगतो, माझं छापलेलं पान असं नव्हतं. त्यात मुलगी झऱ्याचं पाणी पिते, बदकाला पाजते आणि दिवेलागणीच्या आत घरी येते. तळहाताचा त्यात उल्लेखही नव्हता. साठ वर्षं हा माणूस माझी गोष्ट मनात घेऊन लोकांचे नळ दुरुस्त करत हिंडला, आणि त्याच्या नकळत ती वाढत गेली. मी थक्क झालो. मला आपलं वाटायचं, वाचून झालं की मुलं मला परत करतात.

बाईंनी वहीचं पान खळ लावून चिकटवलं, नवा शिक्का मारला आणि मला नातीच्या हातात दिलं. आठवड्याने ती परत करायला आली. जाताना बेसिनपाशी थांबली, नळ चालू करून त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला, जरा वेळाने उचलला आणि हळूच म्हणाली, "जा." तिच्यामागे तिच्या वर्गातल्या दोघी मला न्यायला उभ्या होत्या.

तर माझं मागणं एवढंच. मला ओल लागू देऊ नका, रांगत्या भावांपासून लांब ठेवा. आणि लहानपणी जिवापाड आवडलेलं पुस्तक मोठेपणी कुणाला तरी सांगा. नाव विसरलात तरी सांगा. शेवट चुकला तरी चालेल.