डिकीखालचा पाचवा टायर

मी एक जुना टायर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, दहा वर्षांत मी फक्त एकदा धावलोय. तेही चाळीसेक पावलं. हसू नका, आधी ऐका तरी! कारण तुमच्या घरच्या गाडीतही माझ्यासारखा कुणीतरी अंधारात पडून असेल, आणि तुम्ही खुशाल त्याच्या छातीवर पिशव्या ठेवत असाल.

आम्ही पाच भाऊ. एकाच कारखान्यातले, एकाच आठवड्यातले. साच्यात घालून असं भाजतात ना आम्हाला, विचारू नका! बाहेर आलो तेव्हा अंगभर रबराचे बारीक केस होते, आणि कुशीवर कोरलेले आकडे. माप किती, ओझं किती पेलणार, आणि एका कडेला अगदी बारीक चार आकडे, कुठल्या वर्षातल्या कुठल्या आठवड्यात जन्मलो ते. ते कधी कुणी वाचत नाही.

मग वर्षभर गोदामात राहिलो, आणि मग आम्हा पाचांना एका नव्याकोऱ्या सेडान गाडीसाठी उचललं. मला केवढा आनंद झाला! चौघांना चार चाकांना लावलं. मी म्हटलं, आता माझा नंबर. तर मला नेलं डिकीत. डिकीतसुद्धा वर नाही, डिकीच्या फरशीखाली एक गोल खड्डा असतो, त्यात. पोटात एक जाडजूड प्लॅस्टिकचा स्क्रू घातला, गच्च पिळला, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कार्पेट, कार्पेटवर बादली, छत्र्या, जुनी सतरंजी. झालं. कूस बदलावी म्हटलं तर स्क्रू आडवा. मान वर करावी तर पुठ्ठा. आणि अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना.

आता ही माणसं कोण ते सांगतो. बाबा एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर. आई नर्स. आणि त्यांची मुलगी, तिला सगळे पोपट म्हणतात, कारण ती गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलते. मला बाहेरच्या जगाची जी काही माहिती आहे ती पोपटच्या कृपेने. तिच्याच तोंडून कळलं की बाबांना वस्तू जपायची भारी हौस. टीव्हीचा रिमोट सहा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत. नवे टॉवेल कपाटात, आणि अंग पुसायला ते जुने, आरपार दिसणारे. पाहुण्यांचे कप इतके जपले, ती म्हणायची, की आता पाहुणेच यायचे बंद झाले. बाबा म्हणायचे, हस, हस, वेळेला उपयोगी पडेल तेव्हा कळेल.

गाडीचंही तसंच. सात वर्षं ती कव्हरखालीच. रविवारी बाहेर काढायची, पुसायची, जरा फिरवायची, परत कव्हर. म्हणजे विचार करा, मी अंधारात, माझ्यावर डिकी, आणि डिकीवर कव्हर!

वर्षातून एकदा गाडी टायरवाल्या मावशींकडे जायची. मावशींचं दुकान म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी जागा, पुढे अंगण, भिंतीला टायरांच्या चळती. मावशी दर वेळी एकच सांगायच्या. दादा, चार नाही, पाचही फिरवून, जागा बदलून लावू, म्हणजे पाची सारखे झिजतील, सारखे टिकतील. आणि बाबा दर वेळी म्हणायचे, चारच फिरवा, पाचवा नवाच राहू दे.

पहिल्या वर्षी मी फुगलोच. केवढा मान! दुसऱ्या वर्षी वाटलं, पुढच्या खेपेला नक्की. चौथ्या वर्षापासून मी वाट बघायचं सोडलं. खोटं बोलतोय. सोडलं नाही.

भाऊ खाली धावायचे ना, ते मला सगळं ऐकू यायचं. खडीवर करकर, पुलाच्या जोडांवर टकटक, ओल्या रस्त्यावर लांबच लांब सर्रर्र. मी त्या आवाजावरून रस्ता मनात काढायचो. उन्हाळ्यात पत्रा तापला की खड्ड्याचा तवा व्हायचा. थंडीत मी असा ताठायचो की श्वास घेतला तर मोडेन असं वाटायचं. पोटातली हवा हळूहळू कमी होत गेली, कुणी भरली नाही. आणि कधीकधी, सगळं शांत असताना, माझ्याच कातडीतून बारीक आवाज यायचा. टिक. मग कितीतरी दिवसांनी परत टिक. मी तिकडे लक्ष द्यायचो नाही.

एकदा तर हद्द झाली. भर दुपारी उजवीकडचा पुढचा भाऊ पंक्चर झाला. आईने डिकी उघडली, बादली काढली, सतरंजी काढली, पुठ्ठा उचलला, आणि मित्रांनो, उजेड! तिने स्क्रूला हात घातला, एक पिळा सोडवला, दुसरा सोडवला. तेवढ्यात बाबांचा फोन. त्याला नको काढूस, उगाच मळेल, पंक्चरवाला पाठवतो. आईने सुस्कारा सोडला, दोन्ही पिळे परत आवळले, आणि पुठ्ठा पडला. त्या दिवशी मी पोपटच्या बडबडीकडेही लक्ष दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र आईची बदली घाटापलीकडच्या हॉस्पिटलात झाली आणि गाडी रोज पळायला लागली. ही गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे, म्हणून तर घाटासाठी बरी. पण माझे भाऊ आता झिजले होते. आवाजच बदलला त्यांचा, नुसती फसफस. आणि एका पहाटे, पाऊस, वळणावर ओला पाला, आईने ब्रेक दाबला आणि गाडीची मागची बाजू बाहेर गेली. मी मागेच ना, मला कळलं, खाली रस्ताच नाहीये, नुसतं पाणी आहे. आईने स्टिअरिंग कसं सावरलं तिचं तिला माहीत. गाडी कठड्यापाशी थांबली. तिथून पुढे ती अगदी सावकाश कामाला गेली.

घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पोपटने टायरांची माहिती लिहायला वही काढली. पुढचे आठ दिवस गाडीत टायर सोडून दुसरा विषय नाही. एक टायर उन्हाळ्यात राजा पण थंडीत दगड. एक बर्फातला पैलवान, पण कोरड्या रस्त्यावर दिवसभर भुणभुण करणारा, आणि उन्हात भराभर झिजणारा. आणि तिसरा बारमाही. कुशीवर डोंगराचं चित्र, डोंगरात बर्फाची चांदणी, पाणी बाहेर फेकायला रुंद चर, आणि थंडीतही मऊ राहणारं रबर. आई म्हणाली, मला राजा नको, पैलवान नको, मला वळणावर धरणारा पाहिजे. बाबांचं म्हणणं, मागची बाजू घसरली ना, मग मागचे दोनच बदलू.

रविवारी सगळे मावशींकडे. मावशींनी बाबांना सरळ सांगितलं. या गाडीची चारही चाकं आतून एकमेकांना जोडलेली. दोन नवे, दोन झिजलेले, म्हणजे माप कमीजास्त, मग कुणी जास्त फिरतं कुणी कमी, आणि मधले गिअर दिवसभर एकमेकांशी भांडतात, तापतात, एक दिवस बसतात. चारही सारखे हवेत.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. आणि मग म्हणाले, तीन द्या. चौथा आहे माझ्याकडे. नवाकोरा.

मित्रांनो! माझं काय झालं असेल!

डिकी उघडली. पुठ्ठा गेला. स्क्रू पुरता निघाला. बाबांनी स्वतः मला उचलून अंगणात ठेवलं आणि नवरदेवासारखं मिरवलं. बघा, केससुद्धा आहेत अजून! मावशींनी हवा भरली, कितीतरी वर्षांनी पोट भरलं माझं. आणि मग त्या खाली बसल्या. माझी कूस अंगठ्याने दाबली, चष्मा वर केला, आणि ते चार आकडे वाचले.

"दादा, हा दहा वर्षांचा आहे."

"पण एक पाऊल चाललेला नाही."

"म्हणून काय झालं? हे चार आणि हा, पाची एकाच आठवड्यातले. चार म्हातारे आणि एक तान्हा, असं कसं असेल?"

त्यांनी मला जरा वाकवलं. खांद्याजवळ, नक्षीच्या मुळाशी, बारीक बारीक भेगा. सुकलेल्या टाचेला असतात ना, तशा. तेच ते टिक. रबर चाललं काय, बसलं काय, वाळायचं ते वाळतंच, मावशी म्हणाल्या. शिवाय नक्षी वेगळी, पकड वेगळी, तिघांशी जुळायचा नाही.

बाबांना पटेना. पोपट काहीतरी सांगायला गेली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. लावून तर बघू, म्हणाले, आपली वस्तू आहे.

आता खरं सांगतो. मला माहीत होतं मावशी बरोबर आहेत. ते वळण मला माहीत होतं, ओला पाला माहीत होता, रोज पहाटे तिथून कोण जातं तेही माहीत होतं. आणि तरी, मला तोंड असतं ना, तरी मी गप्प बसलो असतो. मला फक्त बाहेर राहायचं होतं. परत तो पुठ्ठा नको होता.

तीन नवे बसले, आणि मागे उजवीकडे मी. गाडी जॅकवरून खाली आली आणि माझ्याखाली पहिल्यांदा जमीन आली. खरखरीत, थंड. आई चालवायला बसली. फाटकापर्यंत जाऊन वळून येते, म्हणाली.

आणि मी धावलो! एक खडा टोचला, तो सुद्धा गोड वाटला. सूर्य वर, खाली, वर, खाली. वारा! कुणी सांगितलंच नव्हतं की धावताना वारा लागतो! फाटकापाशी वळलो. परत येताना मावशींची गाड्या धुवायची जागा लागते, तिथली फरशी नेहमी ओली. आईने तिथे ब्रेक दाबला.

तिघांनी धरलं. मी घसरलो.

फार नाही, वीतभर. माझं अंग ताठ, रबर वाळलेलं, मी धरायला गेलो आणि हातात काही आलंच नाही. आईने गाडी तिथेच उभी केली. उतरली. दार लावलंसुद्धा नाही.

"अहो," ती म्हणाली, "याला जपलंत तेवढं पुरे. घाटातून रोज मी जाते."

बाबा माझ्याजवळ आले, उकिडवे बसले. माझ्या खांद्यावरून बोट फिरवत गेले, एका भेगेशी थांबले. नखाचं टोक आत गेलं. त्यांनी ते काढलं, परत घातलं.

मग म्हणाले, मावशी, चौथाही नवाच लावा. आणि पाचवाही त्याच जातीचा द्या, आता पाची फिरवायचे. मावशींनी विचारलं, दर वेळी? बाबा म्हणाले, दर वेळी, कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

मला काढून भिंतीशी टेकवलं. माझ्या खड्ड्यात तो नवा पाचवा गेला, आणि पुठ्ठा खाली येईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो. सगळं आवरलं, तरी बाबा माझ्यापाशी घुटमळतच होते. एक हात माझ्यावर. हा मी घरी नेऊ का, म्हणाले, माळ्यावर जागा आहे. माळा! तिथेही अंधारच ना!

"बाबा," पोपट म्हणाली. एवढंच. त्या मुलीला इतकं थोडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी हात काढून घेतला.

तेव्हापासून मी मावशींच्या अंगणात भिंतीला टेकून आहे. आता माझं धावणं झालं, ते मला कळतं, आणि रात्री कधी कधी फार वाईटही वाटतं. पण इथून रस्ता दिसतो. ऊन दिसतं, पाऊस पोटात साठतो, चिमण्या येऊन पितात.

मागच्या महिन्यात ती गाडी आली. आई अगदी मजेत उतरली, घाटातलं काहीतरी पोपटला सांगत होती. बाबांनी स्वतः डिकी रिकामी केली, पाचव्याला बाहेर काढलं आणि मावशींसमोर ढकलत नेलं. त्याचा नंबर होता. आणि सहा महिने घाट चढून आलेल्या, चिखलाने माखलेल्या, चरात खडे अडकलेल्या एकाला खड्ड्यात विश्रांतीला पाठवायला त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. बाबांच्या अंगात कोरा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. चिखल थेट छातीवर लागला. बाबांनी खाली बघितलं, आणि टायर तसाच धरून पुढे गेले.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐकलंत, आता एक काम करा. आज घरी गेलात की डिकीतलं सामान बाहेर काढा, पुठ्ठा उचला, खाली जो कुणी असेल त्याचं वय वाचा, त्याची हवा बघा. आणि तो अजून धावण्याजोगा असेल ना, तर त्याला परत झाकू नका. त्याला रस्त्यावर न्या.