पुरवणी प्रश्न

"तोंडाळ बाया सगल्या तिकडं घातल्यास आनि मला नुसती बाकं बडवायला ठेवलंस," इंदुबाई माझ्या मानेशी पुटपुटली. ती माझ्या पदराला पिन लावत होती. पिन तिच्या हातात आणि खांदा माझा, त्यामुळे उलट बोलणं शहाणपणाचं नव्हतं.

"सत्ताधारी पक्षात हाइस तू. मान असतो त्याला," मी म्हटलं.

"मान कसला गो. महिपती बोलनार आनि मी बाक वाजवनार. घरी नवरा बोलतो तवा तरी कुठं वाजवतंय मी."

इंदुबाई माझी शेजारीण. आमची लग्नं एकाच मांडवात लागली, तेव्हापासून ती माझ्या कानाशी कुरकुरतेय. पण त्या संध्याकाळी तिनंही पिन दोनदा काढून पुन्हा लावली. बाहेर गणपतीचा मांडव माणसांनी भरला होता, पेणहून परीक्षक येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले होते, आणि आम्ही गावच्या बाया लोकसभा भरवणार होतो.

जिवंत देखाव्याची ही कल्पना माझी. दरवर्षी पुराणातलं काहीतरी असायचं आणि राक्षस व्हायला कुणी मिळायचं नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण लोकसभेच्या चॅनलवर झालं. मालिका बघता बघता एकदा चुकून बटण दाबलं गेलं आणि अध्यक्षांच्या खुर्चीत एक बाई दिसली. समोर शेकडो पुरुष आरडाओरडा करतायत, आणि बाई शांतपणे म्हणतेय, बसा, बसून घ्या. मी भाजी चिरायची थांबले. त्या दिवसापासून मालिका बंद.

तिथली एक गोष्ट मला फार आवडली. तिथं कुणी कुणाशी थेट भांडत नाही. बोलायचं ते अध्यक्षांशी. समोरच्याला कितीही टोचायचं असलं तरी आधी अध्यक्ष महोदया म्हणायचं. तेवढ्यात माणूस एक श्वास घेतो, आणि त्या श्वासात निम्मी शिवी विरघळते. माझ्या सासरी ही पद्धत असती तर माझ्या अर्ध्या भांड्यांना पोचे पडले नसते.

अध्यक्षांची खुर्ची माझी, हे ठरलेलंच होतं. तालमीत मोठा घोळ झाला तो पक्षांचा. सगळ्यांना विरोधी पक्ष हवा. तिथं उठता येतं, ओरडता येतं, मधल्या मोकळ्या जागेत धावत येता येतं आणि शेवटी सभात्याग करून चहाला जाता येतं. मंत्री व्हायला मात्र महिपतीशेटशिवाय कुणी नव्हतं. ते गणपती मंडळाचे अध्यक्ष, आणि बिनबाह्यांचं जाकीट गावात त्यांच्याकडेच. बायांच्या लोकसभेत हा एकच पुरुष.

प्रश्न विचारणारी खासदार झाली पुतळी. ती स्वतःहून आली होती.

"वयनी, प्रश्न मी इचारीन," ती म्हणाली. "गौरी गेल्या की आमी रोह्याला जातोय. खोली बघितलीय ह्यांनी. जायच्या आधी एकदा गावासमोर उभी राहीन."

गाव सोडायची वेळ तिच्यावर कशी आली ते सांगायला हवं. आमचं गाव खाडीला लागून. बांध घातलाय म्हणून शेती आहे, आणि बांधात एक दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर जातं. भरतीला झडपा आपसूक मिटतात आणि खारं पाणी बाहेरच राहतं. त्या उघाडीची राखण पुतळीच्या नवऱ्याकडे, काळुरामकडे होती. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे. एका उधाणाला झडपा मिटल्याच नाहीत. खाडी सरळ शेतात आली, उभं भात जळालं, आणि पुढच्या वर्षीही जमिनीतून मीठच निघालं. काळू झोपला होता, असं गाव म्हणालं. काळू काही म्हणाला नाही. गावच्या बैठकीत राखण काढून घेतली, तो रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर लागला. रोज गाडीनं जा, गाडीनं ये. त्याच्याशी कुणी भांडलं नाही. फक्त पुतळीला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. आता तिला एवढंच हवं होतं की नवऱ्याच्या नावावरचा तो डाग पुसून निघावा आणि गाव सोडावं लागू नये.

आणि उघाडीची गोष्ट निघाली की गावात कुणाला तरी हटकून खोकला यायचा.

देखाव्यासाठी प्रश्न मीच लिहिला होता. उघाडीचा, पण बेतानं: झडपा वेळेत दुरुस्त का झाल्या नाहीत? म्हणजे दोष सरकारचा. सरकार काही आमच्या गावात राहत नाही.

देवळातून आणलेली घंटा वाजली. मी आत गेले तशा सगळ्या बाया उभ्या राहिल्या. मी दोन्हीकडे हात जोडले आणि बसले. आमची बाकं म्हणजे मूर्तीच्या कारखान्यातून आणलेल्या फळ्या, पण इंदुबाईनं ती अशी बडवली की परीक्षकांच्या कपातला चहा हिंदकळला. विरोधी बाया पहिल्याच मिनिटाला उठल्या. मी म्हटलं, "बसून घ्या." आणि त्या बसल्या. मला ते इतकं गोड लागलं की मी पुन्हा एकदा उगाच म्हटलं.

"प्रश्नोत्तराचा तास," मी जाहीर केलं. "पुतळीबाई."

पुतळी उठली. खऱ्या सभागृहात असतं तसं तिनं नुसता प्रश्नाचा क्रमांक सांगितला. महिपतीशेट जाकीट सारखं करत उठले आणि हातातला कागद खणखणीत वाचला: झडपांचं लाकूड कुजलं होतं, दुरुस्तीचा प्रस्ताव विचाराधीन आहे. बाकं वाजली. माझ्या लिहिण्याप्रमाणे इथं विरोधी बायांनी सभात्याग करायचा होता. दोघीतिघी चपला शोधायलाही लागल्या.

"अध्यक्ष महोदया," पुतळी म्हणाली, "पुरवणी प्रश्न."

हे माझ्या लिहिण्यात नव्हतं. पण तालमीत मीच सर्वांना ठसवून सांगितलं होतं: मूळ प्रश्नाचं उत्तर मंत्री लिहून आणतो, त्यात काय मोठं, खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाची, कारण तो आधी कुणालाच ठाऊक नसतो. महिपतीशेट माझ्याकडे बघून डोळ्यांनी नाही म्हणत होते. पण नियम तो नियम, आणि खुर्चीवर मी होते.

"विचारा."

"लाकूड कुजलं नव्हतं. त्याच साली नवं बसवलं व्हतं. झडपा वर दोरीनं बांधल्या व्हत्या, म्हनून मिटल्या नाय. भरतीबरोबर मासा आत यावा म्हनून बांधतात तशा. मंत्रीमहोदयांनी सांगावं, त्या बांधायला कुनी लावल्या?"

मांडवात कुणाला तरी खोकला आला. मग दुसऱ्याला.

"माहिती गोळा करण्यात येत आहे," महिपतीशेट म्हणाले.

हशा पिकला. परीक्षकांनी तर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय झकास लिहिलंय. हसणं ओसरलं तशी मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "कालूला इचारा ना, झोपला व्हता तो."

काळुराम मांडवाच्या कडेला बांबूला टेकून उभा होता. शिफ्ट सुटल्यावर गाडीनं थेट आलेला, खांद्याला डब्याची पिशवी. त्यानं मान खाली घातली आणि तो वळला. पुतळीनं ते पाहिलं. मीही.

मी समोरच्या टेबलावर हात आपटला. इतक्या जोरात आपटायचा नव्हता.

"हे नाव कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "जो माणूस या सभागृहात नाही, ज्याला उठून उत्तर देता येत नाही, त्याच्यावर इथं आरोप करता येत नाही. लोकसभेचा हा रिवाज आहे."

"मंग गावच्या बैठकीत तरी त्याला कुठं बोलावला व्हता," इंदुबाई म्हणाली. सत्ताधारी बाकावरून, आणि अध्यक्ष महोदया न म्हणता. मी तिला बस म्हटलं नाही.

काळुराम थांबला होता.

"दुसरा पुरवणी प्रश्न," पुतळी म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती, सरळ, रीतीप्रमाणे. "अध्यक्ष महोदया, माहिती गोला करायला कुठं जायाचं नाय. मंत्रीमहोदयांच्या अंगनातच ती हाय. मी तोच प्रश्न परत इचारते."

महिपतीशेट उभे होते. त्यांना खाली बसता आलं असतं. देखावाच तो, मी घंटा वाजवली असती, बायांनी सभात्याग केला असता, परीक्षक बक्षीस देऊन पेणला गेले असते. मी घंटेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंत्रीमहोदय," मी म्हटलं, "उत्तर द्यावं लागेल."

त्यांनी हातातला कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी चष्मा काढला, जाकिटाच्या खिशात घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, आणि मग पुस्तकी बोलणं त्यांनी सोडून दिलं. "झडपा कालूनं बांधल्या. बांधायला मी लावल्या. माज्या पोरीचा साखरपुडा व्हता, पाव्हन्यांना खाडीचा मासा, जिताडा घालायचा व्हता. तो नको बोलत व्हता, उधान हाय म्हनून. मी ऐकला नाय. तो जिताडा माज्या अंगनात शिजला, आनि या मांडवात बसलेल्या सगल्यांनी काटे चोखून खाल्ला. सकाली शेतात पानी बघितला, आनि कालू झोपला व्हता असं आपुन सगल्यांनी मिलून ठरवलं."