पडद्यामागचा पंजा

पोखर्णीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू आठ दिवस होता. त्यातला दरोडेखोर चोरी केल्यावर भिंतीवर काजळीचा पंजा उमटवायचा. तंबू गेला आणि पोरांनी शाळेची भिंत पंजांनी भरून टाकली. मी त्या शाळेत विज्ञान शिकवायचो. हसून सोडून दिलं.

मग गावचे पाटील आबासाहेब यांच्या घरातून त्यांच्या बायकोचे, कडूबाईंचे, चांदीचे तोडे गेले. पेटीवरच्या भिंतीवर तसाच एक लहान पंजा होता.

संशय गेला धनगराच्या मुंजाजीवर. बारा वर्षांचा. तंबूवाल्यांना दूध पोचवायचा, म्हणून आठही दिवस त्याने तो सिनेमा पाहिला होता. परभणीहून जमादार आला, चावडीत बसला. पोराला तुरुंगात धाडायचं जवळजवळ ठरलंच.

"लय शिनमा बघितला की रं," जमादार म्हणाला. "आता हैदराबादचा तुरुंग बघ."

"म्या न्हाई घेतलं, साहेब."

"मग डाकू पडद्यातून उतरून आला व्हय?"

लोक हसले. मुंजाजीचा बाप येडबा माझ्याकडे वळला. "मास्तर, पोरगं खोटं बोलायलाय का? तुमी तरी सांगा."

खरं तर माझाही संशय त्याच्यावरच होता. तरी मी आबासाहेबांच्या घरी जाऊन पंजा नीट पाहिला. अंगठा डावीकडे, म्हणजे उजवा हात. मग शाळेची भिंत पाहिली. एकोणतीस पंजे, सगळे डावे.

चावडीत परत येऊन विचारलं, "मुंजा, सिनेमा कुठं बसून बघितलास?"

"पडद्यामागं. समदी पोरं तिथंच. म्होरं खुर्च्या असत्यात."

पडदा मागून पाहिला की चित्र उलटं दिसतं. डाकूचा उजवा हात या पोरांना डावा दिसला होता, आणि त्यांनी दिसला तसाच उमटवला होता.

मी ते सगळ्यांना समजावलं. "मुंजाजीनं नक्कल केली असती, तर पंजा डावा असता. हा पंजा पुढं बसून सिनेमा बघणाऱ्या पोराचा आहे."

कुणी हसलं नाही. गावातलं एकच पोर खुर्चीवर बसलं होतं: आबासाहेबांचा बन्सीधर. तो बापामागेच उभा होता. त्याने उजवा हात हळूच पाठीशी नेला.

आबासाहेबांनी ते पाहिलं.

"जमादार, चहा घ्या अन् निघा," ते म्हणाले. "तोडे घरातच असतील." मग गड्याला हाक मारली, "घरी सांग, ती भिंत आत्ताच्या आत्ता सारवून घ्या."

येडबा पोराला घेऊन निघाला. शाळेपाशी मुंजाजीने भिंतीवरच्या एका पंजावर आपला हात ठेवून पाहिला. येडबाने तो झटक्यात ओढून काढला.