आज काम कोणाचं?

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. पूर्णेत राहतो. माझी बॅटरी कधीच गेली, एक बिजागरी चिकटपट्टीच्या जिवावर आहे आणि लाईट गेली की मी जागच्या जागी झोपतो. एका कचेरीनं मला अडगळीत टाकलं होतं. भक्तीनं घरी आणून मायेनं पुसलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. आता सकाळी भक्ती आणि दुपारी तिची मैत्रीण मैथिली माझ्यावर प्रोग्रॅम लिहितात, त्यामुळे माझा तोरा विचारू नका!

कोणता बदल कोणी केला, याची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर माझ्यात आहे. बदल पक्का करण्याला त्यात 'कमिट' म्हणतात. पण मी ओळखायचो एकट्या भक्तीला. मैथिलीचं कामही तिच्याच नावावर चढायचं आणि मैथिलीला तर ते काम दाखवून नोकरी मिळवायची होती.

"काम करायले मी अन् नाव लागायलंय तुझं," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली.

ते सॉफ्टवेअर कुणालाही सुधारणा सुचवता येईल असं खुलं होतं, म्हणून दोघींनी त्यातच बदल सुचवला. कमिट करताना त्यानं 'आज काम कोणाचं?' असं विचारावं. तो तपासणीसाठी ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या परभणीच्या माधवरावांकडे गेला. त्यांनी लिहिलं, "एका लॅपटॉपवर दोघी? अशी गरज कुणाला पडते? आणि सगळ्यांनाच कशाला विचारायचं?"

भक्ती फणकारली. "त्यांना काय माहीत इथलं!"

"दुसरं बराबर हाय त्यांचं," मैथिली म्हणाली. "ज्याला पायजे त्यालाच विचारू." तिनं एकटीनं दुरुस्ती केली आणि ती आपली असल्याचं कळवून घाईघाईनं पाठवली.

माधवरावांचा लगेच प्रश्न आला. "दुरुस्ती मैथिलीची म्हणता, मग नोंदीत भक्ती कशी?"

दोघींनी नोंद उघडून पाहिली. नवी सोय केली आणि स्वतःच ती सुरू करायला विसरल्या! मीही खजील झालो. जुन्या सवयीनं मी भक्तीचंच नाव लावलं होतं. भक्तीला मात्र हसू आवरेना. "लय झालं! जे घडलं ते लिहून टाक त्यांना."

मैथिलीनं लिहिलं. उत्तर आलं, "म्हणजे गरज पडते तर! नाव नीट करून पाठवा, मी बदल मंजूर करतो."

ती सोय सुरू केल्यावर आता मी विचारलं, 'आज काम कोणाचं?' भक्तीनं मला मैथिलीपुढे सरकवलं. मैथिलीनं स्वतःचं नाव हळूहळू, एकेक अक्षर दाबत लिहिलं. माझ्या जुन्या कळा इतक्या जपून कुणीच दाबल्या नव्हत्या.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना टाकू नका, वाटून वापरा. पण काम ज्याचं, नावही त्याचंच लावा.