चार मात्रांची शांतता

कालपरवापर्यंत माझी प्रत्येक रचना ताईच्या हातून गेली. मी लिहायचो ते मोठं बाड, सगळी वाद्यं एकाखाली एक. त्यातून प्रत्येक वादकाची वेगळी पानं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून उतरवायची. अक्षर मोत्यासारखं, आणि तोंडाचा पट्टा चालू. "वाजवणाऱ्यांना जरा दम खाऊ देत जा रे. माणसंच आहेत ती."

माझ्या पहिल्या मोठ्या रचनेची तालीम. शेवटच्या सुराआधी सगळा वाद्यवृंद एकदम गप्प झाला. चार मात्रा! मी असलं काही लिहिलंच नव्हतं. घरी येऊन ताईवर आगपाखड केली.

"अरे, व्हायोलिनवाल्यांचं पान तिथे संपतं," ती म्हणाली. "शेवटचा सूर पुढच्या पानावर, आणि दोन्ही हात अडकलेले. पान काय नाकाने उलटतील? म्हणून सगळ्यांनाच थांबवलं."

पानं बदलायला वेळ नव्हता. कार्यक्रम तसाच झाला, आणि त्या चार मात्रांसाठी लोकांनी मला डोक्यावर घेतलं. समीक्षकांनी त्यात मृत्यू काय, विश्व काय, वाट्टेल ते शोधलं. पान उलटणं तेवढं कुणाला सापडलं नाही. मीही साळसूदपणे मान डोलावली. पुढची तीस वर्षं त्याच शांततेवर नाव कमावलं.

ताईने कधी चकार शब्द काढला नाही. आता तिचा हात थरथरतो, पानं कॉम्प्युटरवर निघतात. मला मात्र तीस वर्षांत 'ती शांतता ताईची' एवढं एक वाक्य बोलायला जमलं नव्हतं, आणि ते फार खात होतं.

गेल्या आठवड्यात रेडिओवर थेट मुलाखत होती. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो. तिला आधी फोनही केला, "नक्की ऐक हं."

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलंच, "ही शांतता तुम्हाला कुणी शिकवली?"

मी थांबलो. ताईचं नाव ओठांवर आलं होतं. मग तोंडातून नेहमीचंच बाहेर पडलं, "माझ्या गुरूंनी."

बाहेर आल्या आल्या फोन लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं की. छान बोललास."

"ताई, मी खरं तर..."

"उत्तर द्यायच्या आधी जरा थांबला होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा मी हातातलं काम टाकून रेडिओजवळ येऊन बसले होते."