वरच्या थराचा दगड

शाळेमागची टेकडी खचू नये म्हणून भिंत बांधून झाली. उद्घाटनाला ठेकेदाराने माइक हातात घेतला आणि ठणकावून सांगितलं, "दगड आमच्या वहिनींनी स्वतः पास केलाय." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. या ठेकेदार दिराच्या आग्रहावरून ती खाणीवर गेली होती, हे खरं; पण भिंतीसाठी आणलेला दगड तिने पाहिलाच नव्हता. लाव्हारसाचा थर वरून झटकन निवतो, वायूचे बुडबुडे आतच अडकतात आणि दगड स्पंजासारखा भोकाभोकांचा होतो. मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट, जड आणि खणखणीत. हे तिने त्याला खाणीच्या कड्यावर हात ठेवून दाखवलं होतं, भिंतीला फक्त मधला दगड घ्या म्हणून बजावलंही होतं. त्याने मान डोलावली होती.

ती उठून भिंतीपाशी गेली. दगडांना फासलेल्या काळ्या रंगाखाली बोटांना भोकं लागली. फोडायला सोपा म्हणून त्याने सगळा वरचाच दगड वापरला होता.

दीर मागोमाग आला. चारचौघांत शोभा नको, घरी बोलू, म्हणाला. नवऱ्यानेही लांबून डोळ्यांनी दटावलं. ती सरळ गाडीकडे गेली आणि डिकीतला दगड तपासायचा हातोडा घेऊन आली.

"मारा भावोजी, तुमच्याच हाताने. खणखणला तर मी इथेच सगळ्यांची माफी मागते."

त्याने हात पुढे केला नाही. हातोडा घेतला मुख्याध्यापिकाबाईंनी. बद्द आवाज झाला आणि ओंजळभर चुरा त्यांच्या चपलांवर सांडला.

भिंत उतरवावी लागली. घरात मात्र गुन्हेगार तीच ठरली. घरातली गोष्ट घरात ठेवता आली नाही, असं सासूबाई जेवताना म्हणाल्या.

"भिंत मुलांच्या अंगावर पडली असती, तर ती गोष्टही घरातच ठेवायची होती का? आणि माझ्या नावावर?"

नवऱ्याने भात वाढून घेतला.

नवा दगड यायला लागला, तशी ती रोज तास संपले की तिथे जाऊन उभी राहायची. दीर समोर असायचा, पण दोघांत बोलणं नव्हतं. नको तो दगड ती पायाने बाजूला लोटायची आणि दीर तो मजुरांना उचलायला लावायचा.